काचेआडचं ऊन

१ मार्च, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मागची वही सप्टेंबरात सुटली, त्याला कारण प्रकृती. कोणाची प्रकृती ते आता आठवत नाही.

परिस्थिती एकदा लिहून काढतो, म्हणजे डोकं साफ होईल. पीएच.डी.ला नाव नोंदवून अकरा वर्षं झाली. तीन एक्सटेन्शन झाली. विद्यापीठाचं शेवटचं पत्र काल आलं. ३१ मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत थिसिस दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द. ‘रद्द’ हा शब्द ठळक छापलाय. काही गरज नव्हती.

विषय तसा सोपा आहे. लोक दुखण्यावरची गोळी घेतात. तिचा काही भाग शरीरातून बाहेर पडतो, गटारातून नदीत जातो. नदीवर ऊन पडतं. त्या उन्हाने पाण्यातलं औषध मोडतं का, आणि किती दिवसांत, एवढंच मला दाखवायचंय. आई गुडघ्यांसाठी घेते तेच औषध. म्हणजे विषय घरातलाच.

हातात तीस दिवस. भरपूर झाले. संकल्प: रोज पाचला उठणे. रोज दोन पानं लिहिणे. चिडणे बंद.

६.४०. चहाचा अजून पत्ता नाही. चिडलो नाही, फक्त विचारलं. ही म्हणाली, ओरडायला काय झालं.

२ मार्च

उठायला सात वाजले. अलार्म झाला नाही. (झाला होता म्हणे. कन्येने बंद केला.)

गच्चीवर मांडणी पूर्ण. नदीचं पाणी गाळून, मोजून औषध घालून चार पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं. वर काचा ठेवल्या. काचांची कल्पना माझी स्वतःची. पाच वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी कावळे येऊन पाणी प्यायला लागले, तेव्हा घरातल्या जुन्या खिडक्यांच्या काचा काढून ट्रेवर झाकल्या. कावळे बंद, धूळ बंद, खर्च शून्य. ही त्या वेळी म्हणाली होती की भंगारवाल्याला द्यायच्या होत्या. लांबचं बघणारा माणूस घरात एकच असतो.

त्याच पाण्याची एक बाटली माझ्या कपाटात, स्वेटरच्या खाली. अंधारातलं आणि उन्हातलं पाणी शेजारी ठेवून तुलना करायची. दर तीन दिवसांनी दोन्हींचे नमुने कॉलेजच्या लॅबमध्ये न्यायचे. यंत्र सांगतं, सुरुवातीला शंभर होतं त्यातलं किती उरलं.

गेले पाच उन्हाळे हे रीडिंग शंभराच्या खाली सरकत नाही. मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, मी मागच्या वर्षी लेखी कळवलं की आपल्याकडच्या उन्हाचा दर्जा घसरलेला दिसतो. त्यांचं उत्तर आलं नाही. विचारात पडल्या असणार.

४ मार्च

गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत हा नियम पुन्हा जाहीर केला. चादरींची सावली ट्रेवर पडते. एका महिन्याचा तर प्रश्न आहे. ही म्हणाली, हे वाक्य पाच वर्षं ऐकतेय. मी म्हटलं, या वेळी खरंच एक महिना आहे, विद्यापीठाचं पत्र आहे माझ्याकडे.

सूड म्हणून ओले मोजे माझ्या लिहायच्या टेबलावर वाळत घातलेत. लिहिणार कसं? आज पानं शून्य. कारण: मोजे.

५ मार्च

रीडिंग. पहिला ट्रे १००, दुसरा ९९, तिसरा १००, चौथा ९९. कपाटातली बाटली १००.

पण दिवसभर ऊन तर कडकडीत होतं. टक्कल भाजून निघालं. लॅब असिस्टंटला म्हटलं, यंत्र तपास. तो म्हणाला, यंत्र ठीक आहे. ‘सर, ऊन चाललंय का ते बघा.’ हसला. चार वाजता कुलूप लावून गेला. या लोकांना विज्ञानाचं गांभीर्य नाही.

पुढच्या वेळी नक्की खाली येईल. उन्हाला तापायला वेळ द्यावा लागतो.

७ मार्च

जिन्यात वरच्या मजल्यावरचे कर्नल भेटले. ते सैन्यात कधीच नव्हते, पण गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते म्हणून सगळे कर्नलच म्हणतात. मला बघून म्हणाले, काय डॉक्टर, कसं काय? मी नुसती मान हलवली. अजून डिग्री हातात नाही, पण लोक बोलायला लागलेत. काम दिसतं लोकांना. दिवसभर बरं वाटलं.

पानं शून्य, पण मनाची तयारी झाली.

९ मार्च

आईला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अख्खी सकाळ गेली. (गेल्या आठवड्यापासून ठरलं होतं. मी दोनदा पुढे ढकललं, तिसऱ्यांदा हिने डोळे वटारले.)

डॉक्टरीणबाई कन्येच्या वयाच्या वाटतात. रिपोर्ट बघून म्हणाल्या, आजींच्या हाडांना ऊन कमी पडतंय, रोज अर्धा तास उन्हात बसवा. आई म्हणाली, मी तर रोज दुपारी खिडकीत बसते, मांडीवर मस्त ऊन येतं. बाई म्हणाल्या, खिडकी बंद असते ना? काचेआडचं ऊन उपयोगाचं नाही. ऊब येते, उजेड येतो, पण कामाचा किरण काच अडवते. बाहेर, उघड्यावर बसायचं.

माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. पण गप्प बसवेना म्हणून सांगितलं, मी स्वतः उन्हावरच संशोधन करतो. बाई म्हणाल्या, वा, मग तुम्हाला काय सांगायचं! ते बरोबरच आहे.

१० मार्च

आई गच्चीवर आली. जिना चढायला वीस मिनिटं, मध्ये दोन मुक्काम. खुर्ची नेमकी दुसऱ्या ट्रेच्या पुढ्यात टाकली. सावली! खुर्ची कोपऱ्यात हलवली. तिथे बसली तर बसली, वर छत्री उघडली.

मी तिला शांतपणे समजावलं की ऊन लागावं म्हणून उन्हात बसायचं आणि डोक्यावर छत्री धरायची याला काय म्हणायचं? पालथ्या घड्यावर पाणी! इतकी साधी गोष्ट लोकांच्या लक्षात कशी येत नाही? आईने छत्री मिटली आणि विचारलं, तुझं कधी होणार रे. मी म्हटलं, एकतीस तारखेला.

ती मागच्या वर्षी असंच विचारायची. त्याच्या मागच्याही. आता एकोणऐंशी चालू आहे. मी डॉक्टर झालेलं तिला बघायचंय. दुसरं काही मागत नाही. झोप येईना म्हणून हे लिहून ठेवलं.

१२ मार्च

रीडिंग. १००, १००, ९९, १००. कपाटातली बाटली ९९. म्हणजे अंधारात जास्त मोडलं. उन्हाची कमाल आहे.

मॅडमचा फोन. प्रयोगाची पद्धत लिहिलेलं प्रकरण अजून का आलं नाही? म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. (पहिला हात फिरवायचाय.) त्या या महिनाअखेर निवृत्त होतात. गच्ची एकदाही बघितलेली नाही. तीन मजले चढवत नाहीत, त्यांचेही गुडघे. सगळं फोनवर. गाइडने इतकं लांब राहणं बरं नव्हे. पण आपण मोठ्या मनाचे.

थकवा फार. दुपारी झोपलो.

१४ मार्च

अनर्थ. गच्चीवर आवाज झाला म्हणून धावलो, तर चौथ्या ट्रेच्या काचेचे तुकडे. ही चोरून चादर वाळत घालत होती, बांबू निसटून काचेवर पडला. पाण्यात पडलेले तुकडे मी हाताने वेचले. बोट कापलं. पाणी वाचलं, काच गेली.

मी फार काही बोललो नाही. एवढंच म्हणालो की अकरा वर्षांच्या तपश्चर्येवर बांबू टाकलास. ती म्हणाली, तपश्चर्या तुमची आणि दमट अंथरुणात झोपायचं आम्ही. अबोला सुरू.

चौथा ट्रे तसाच उघडा टाकला. माझा जीवच राहिला नाही त्यात.

१७ मार्च

रीडिंग. पहिला १००, दुसरा ९९, तिसरा ९९. आणि चौथा: २२.

बावीस! लॅब असिस्टंटने दोनदा केलं. दोन्ही वेळा बावीस. तो म्हणाला, सर, हलला की ट्रे! मी त्याला सांगितलं की उतावीळ होऊ नये. हा ट्रे तीन दिवस उघडा होता. उघडा म्हणजे बिघडलेला. कावळ्यांनी पाणी प्यायलं, औषध त्यांच्या पोटात गेलं. तो म्हणाला, पण पाणी तर खुणेपर्यंत आहे, कावळा काय फक्त औषध प्यायला?

हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. नियम म्हणजे नियम. चौथा ट्रे बाद. पाणी गच्चीच्या मोरीत ओतून दिलं.

१८ मार्च

चौथ्यासाठी नवीन काच. बाथरूमच्या खिडकीची काढली, मापाला तंतोतंत बसली. नव्याने पाणी, नव्याने औषध. औषधाची बाटली आता संपली. हरकत नाही, आता गरज पडणार नाही.

बाथरूमच्या खिडकीला पुठ्ठा लावलाय. घरात कोणी कौतुक केलं नाही.

२१ मार्च

अखेर लेखन सुरू! सकाळी सहाला बसलो, बारापर्यंत उठलो नाही. ऋणनिर्देश पूर्ण. साडेचार पानं. थिसिसच्या सुरुवातीला हीच पानं येतात, तेव्हा सुरुवात इथूनच केली.

कन्येने वाचलं. मी नोंदणी केली तेव्हा ती दुसरीत होती, आता कॉलेजात जाते. तिने विचारलं, बाबा, आईचे आभार चौथ्या पानावर, लॅबच्या फ्रिजनंतर का? म्हटलं, उपकरणं आधी असतात, तशी पद्धत आहे. ती ‘बरं’ म्हणाली. आजकाल ती माझ्याशी वाद घालत नाही. समज आली असावी.

२३ मार्च

रीडिंग. १००, ९९, १००, ९९. आता चौथाही सुधारला. म्हटलंच होतं.

आठ दिवस राहिले. काल एकदम मनात आलं की नाही झालं तर? मग सरबत करून प्यायलो आणि विचार गेला.

२४ मार्च, रात्री

पद्धतीचं प्रकरण सांगून झालं. ‘सांगून’ यासाठी की मी बोलत गेलो आणि हिने टाइप केलं. अबोल्यातच. मी भिंतीकडे बघून बोलायचं, तिने कीबोर्डकडे बघून टाइप करायचं. तिची नोकरी, स्वयंपाक, आईला तेल चोळणं, सगळं उरकून रात्री अकरापर्यंत बसली. पहिलं प्रकरण तिने याआधी तीनदा टाइप केलंय, कारण तिन्ही वेळा मी विषयाची मांडणी बदलली.

मधेच अबोला मोडून तिने विचारलं, ‘साध्या खिडकीच्या काचेने झाकले’ हे लिहायलाच पाहिजे का? बाथरूमचं लोकांना कळेल. मी म्हटलं, शास्त्रात बारीकसारीक सगळं लिहावं लागतं. तिने लिहिलं. मॅडमना पाठवलं.

झोपताना वाटलं, तिला दोन शब्द चांगले बोलावेत. तोवर ती झोपली होती.

२७ मार्च, दुपारी ३.३०

मॅडमचा फोन येऊन गेला. लगेच लिहितो.

त्यांनी विचारलं, ‘काच काढून कधी बघितलंत का?’

मी म्हटलं, कावळे पाणी पितात.

त्या म्हणाल्या, ‘या औषधाला मोडणारा किरण साध्या काचेतून जात नाही हो. पाच वर्षं तुम्ही पाण्यावर छत्री धरून बसला होतात.’

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. म्हणाल्या, चूक माझीही आहे, एकदा तरी येऊन गच्ची बघायला हवी होती, नुसते आकडे विचारत बसले. या रीडिंगवर सही करता येणार नाही. एक्सटेन्शनचं विचारलं. म्हणाल्या, तुम्हाला माहितेय.

माहितेय. ठळक छापलंय.

२७ मार्च, संध्याकाळी

उन्हाला दोष देता येत नाही. यंत्राला नाही, लॅब असिस्टंटलाही नाही. हिला द्यावा म्हणून खूप शोधलं. हिने काय केलं, तर एक काच फोडली.

मग ही वही मागे चाळली. ९ मार्च: ‘कामाचा किरण काच अडवते.’ १४ मार्च: काच फुटली. १७ मार्च: बावीस. पुढे ‘मोरीत ओतून दिलं’. अक्षर माझंच. शाईही माझीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. पाच वर्षांत एकदाच प्रयोग यशस्वी झाला, तो हिच्या बांबूने केला, आणि मी तो बाद ठरवला. छत्रीबद्दल आईला मी काय सुनावलं ते दहा तारखेला लिहिलेलंच आहे. परत वाचवलं नाही.

लाज वाटते. दुसरा शब्द सुचत नाही.

२८ मार्च

सुट्टी. लॅब बंद. घरात औषध संपलेलं.

दिवसभर बसून होतो. कन्येने विचारलं, बाबा, बरं नाही का? म्हटलं, थकलो. ती जवळ येऊन बसली, फोनही बघत नव्हती. मी काही सांगितलं नाही. बहुतेक तिला कळलंय.

२९ मार्च

आजही लॅब बंद. संकल्प एकही केला नाही. सुचलाच नाही.

३० मार्च

सकाळी सर्वांत आधी लॅबमध्ये. लॅब असिस्टंटला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. स्टोअरमधून औषध काढून दिलं आणि स्वतः मोजून दिलं.

अकरा वाजता चारही ट्रे गच्चीवर, उघडे. काचा भिंतीला टेकवून ठेवल्या. कावळे आले. मी स्टुलावर बसून हाताने हाकलले. पाच वर्षांत हे एकदाही सुचलं नाही की कावळा हाकलताही येतो.

आता याचा उपयोग काही नाही. वरातीमागून घोडं. पण बघायचंय.

३१ मार्च, संध्याकाळी ५.०५

पाच वाजून गेले.

गच्चीवरच होतो, कावळे राखत. काहीतरी होईल असं उगाच वाटत होतं. काही झालं नाही. पाच वाजले, मग पाच वाजून एक मिनिट झालं. ट्रेवरचं ऊन तसंच होतं, त्याला कोणी कळवलेलं नाही.

ही चहा घेऊन वर आली. घड्याळ बघितलं, कप माझ्या हातात दिला आणि शेजारच्या पायरीवर बसली. मी तिला सांगितलं. काच, किरण, बावीस, बांबू, सगळं. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता पाच वर्षांच्या दमट चादरी काढेल. त्याचा तिला हक्कच होता.

म्हणाली, ‘म्हणजे तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. ऊन मोडतं औषध.’

हो म्हटलं. मग मला रडू आलं. चहा सांडला.

२ एप्रिल

रीडिंग. पहिला ९. दुसरा ८. तिसरा ९. चौथा १०. कपाटातली बाटली १००.

अकरा वर्षांचं काम तीन दिवसांत झालं. मुदत संपून दोन दिवस झाले. लॅब असिस्टंटने आकड्यांचा कागद घडी घालून खिशात दिला आणि आज चारनंतरही थांबला.

घरी आलो तर आई गच्चीवर, खुर्चीत, छत्रीशिवाय. ही पलीकडे चादरी वाळत घालत होती, त्यांची सावली रिकाम्या ट्रेंवर पडली होती. सगळ्या गच्चीभर चादरी. मी एक टोक धरून झटकायला मदत केली.

आईने हाक मारली. विचारलं, झालं का रे तुझं?

म्हटलं, झालं. ऊन मोडतं. तीन दिवसांत.

‘मग आता डॉक्टर?’

किती दिवस टाळणार? तिच्या पायाशी बसलो आणि सांगितलं, नाही आई, मुदत संपली. आता होणार नाही. चूक माझीच होती. तुला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेच मला कळलं नाही.

तिने जिन्याच्या दाराकडे बघितलं, तिथे कोणी नाही याची खात्री केली, आणि वाकून हळू आवाजात म्हणाली, ‘मी मागच्याच वर्षी सांगून टाकलंय सगळ्यांना, झालास म्हणून. कर्नललासुद्धा. आता तू कोणाजवळ काही बोलू नकोस.’